टाकी ते टाकी

आमच्याकडे नवी गाडी आली की पेढा तोंडात घालायच्या आधी माणसं विचारतात, ‘ॲव्हरेज किती देते?’ 2012 च्या दिवाळी पाडव्याला आमची डिझेल डिझायर दारात उभी राहिली, तेव्हा हारातली झेंडूची फुलं वाळलीही नव्हती आणि शेजारचे डॉक्टर गेटावर हात ठेवून हाच प्रश्न विचारत होते. मी कागदावरचा आकडा ठोकून दिला, लिटरला 23.4. आतून वडील म्हणाले, ‘तो कंपनीचा. आपला अजून यायचाय.’

वडील देवरुखच्या एसटी डेपोत कारकून होते. कुठल्या ड्रायव्हरला डिझेलची किती सरासरी मिळते याचे तक्ते करण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. एकाच मार्गावर तीच गाडी दोघांच्या हातात वेगवेगळा आकडा दाखवते हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलं होतं, की ‘अमुक गाडी चांगलं ॲव्हरेज देते’ या वाक्यावर त्यांचा विश्वासच नव्हता. ‘गाडीला काय विचारता, पायाला विचारा,’ म्हणायचे. पाडव्याच्या संध्याकाळी त्यांनी लाल कापडी पाठीची एक जुनी वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आणि पेन रबरबँडने तिला बांधलं.

गाडी मे महिन्यात बुक केली होती. तेव्हा पेट्रोल आणि डिझेलच्या दरात इतकं अंतर होतं की डिझेल गाड्यांना महिनोन् महिने थांबावं लागायचं. त्यात जुलैत मारुतीच्या मानेसरच्या कारखान्यात हिंसाचार झाला आणि महिनाभर टाळं लागलं. शोरूमवाला दर पंधरा दिवसांनी ‘येईल सर, गणपतीत येईल’ म्हणायचा. गणपती गेले, दसराही गेला. पासिंग-विम्यासकट साडेसात लाखांच्या आतबाहेर पडले. त्यातले लाखभर रुपये निव्वळ डिझेल इंजिनाचे. पेट्रोलची तेवढ्याने स्वस्त मिळत होती आणि लगेच मिळत होती.

गाडीच्या मागच्या भागाकडे पाहून पहिल्या दिवशी थोडं हसू आलं, हे कबूल करतो. चार मीटरच्या आतल्या गाडीला अबकारी करात सवलत, म्हणून आधीच्या डिझायरची शेपटी छाटून ही 3995 मिलिमीटरची केलेली. पाच मिलिमीटरने कर चुकवलेली गाडी, असं डॉक्टर म्हणायचे. डिकी 440 लिटरवरून 316 वर आली. ही 316 लिटर म्हणजे किती, ते मला मे महिन्यात देवरुखहून कोल्हापूरला निघताना कळतं. आई आंब्याच्या पेट्या, तांदळाचं पोतं, कोकमाची बरणी आणि एक फणस अंगणात मांडून ठेवते. फणस नेहमी शेवटी उरतो आणि मागच्या सीटवर बायकोच्या शेजारी बसून येतो. बरका असला तर पुढे आठवडाभर गाडीत त्याचाच वास.

आता वहीविषयी. वडिलांची पद्धत सोपी, पण तिच्यात सूट नाही. टाकी फुल्ल करायची, नोझल पहिल्यांदा कट झाला की थांबायचं. पंपावरचा मुलगा ‘राऊंड फिगर करू का सर?’ म्हणाला तरी नाही म्हणायचं. किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी परत फुल्ल, परत पहिल्या कटला थांबायचं, शक्यतो त्याच पंपावर. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर. डॅशबोर्डवरचा आकडा बघायचाच नाही. माझ्या गाडीत तो दीड-दोनने फुगलेला असतो, हे वहीत तीनदा ताडून पाहिलंय. डॉक्टरांनी पुढच्या वर्षी अमेझ घेतली, तिचा कागदावरचा आकडा तर 25.8. ते डॅशबोर्डवर बघून सांगायचे आणि मी वहीत बघून, म्हणून आमचं कधीच जुळलं नाही. सकाळी फिरताना बोलायला तेवढाच विषय.

पहिल्या टाकीला 17.9 आलं. वडिलांनी काही न बोलता लिहून ठेवलं. दोष गाडीचा नव्हताच. या इंजिनाचा टर्बो दोन हजार फेऱ्यांच्या आसपास जागा होतो. त्याच्या खाली गाडी झोपलेली, आणि वर गेली की एकदम अंगात आल्यासारखी पळते. मी पेट्रोल गाडीची सवय असलेला माणूस. आंबा घाटात वळणावर तिसरा ठेवून दाबत बसायचो. गाडी चढायची नाही, धूर काढायची. मग घाबरून दुसरा टाकायचो आणि ती उसळायची. शेजारी बसलेले वडील एकदा म्हणाले, ‘वळणाच्या आधी दुसरा टाक. वळणात टाकलास तर उशीर.’ एसटीच्या ड्रायव्हरांचं ऐकून ऐकून आलेलं शहाणपण. त्यांनी स्वतः सायकल आणि स्कूटर सोडून आयुष्यात काही चालवलं नाही. पाचव्या टाकीपासून वही वीसच्या वर गेली. कोल्हापूर-मलकापूर-आंबा-साखरपा-देवरुख हा साधारण एकशेदहा किलोमीटरचा रस्ता, घाटासकट, आजही 21 ते 22 देतो. निव्वळ शहरात चालली तर सोळा-सतरा.

लाखभर रुपये जास्त दिले ते वसूल झाले का, हा प्रश्न वडिलांनी वहीच्या शेवटच्या पानावर स्वतंत्र मांडला होता. गाडी घेतली तेव्हा डिझेल नुकतंच पन्नाशीच्या वर गेलेलं, पेट्रोल पंचाहत्तरच्या घरात. डिझेलवर किलोमीटरला अडीच रुपये, पेट्रोलच्या गाडीला शहर-गाव मिळून पंधरा-साडेपंधरा धरले तर पावणेपाच. किलोमीटरमागे सव्वादोन रुपये वाचतात. मग 2013 च्या जानेवारीपासून डिझेल दर महिन्याला पन्नास पैशांच्या आसपास वाढू लागलं, 2014 च्या ऑक्टोबरात त्याचे दर सरकारने मोकळे केले, आणि वडिलांच्या त्या पानावर खाडाखोड वाढत गेली. लाख रुपये वसूल झाले ते 2017 च्या पावसाळ्यात, गाडी पन्नास हजारांच्या पुढे गेल्यावर. म्हणजे पावणेपाच वर्षं. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या माणसाने तेव्हा डिझेल घेतली असेल, तर त्याला वसुलीला आठ-दहा वर्षं लागली असतील.

आता सगळे म्हणतात, डिझेलमध्ये काही राहिलं नाही. मीही म्हणायचो. मागच्या महिन्यात मांडून पाहिलं. डिझेल नव्वदीत, पेट्रोल शंभरीपार. किलोमीटरला साडेचार विरुद्ध साडेसहा. वाचतात दोन रुपये. तेरा वर्षांत पंचवीस पैशांचा फरक! बदललं ते वेगळंच. बीएस सहाच्या प्रदूषण-नियमांत छोटं डिझेल इंजिन बसवायचं तर ते इतकं महाग झालं असतं, की 2020 च्या एप्रिलपासून कंपनीने ते बनवणंच सोडलं. बचत होती तिथेच आहे, तिच्यासाठी आधी भरायची रक्कम आवाक्याबाहेर गेली.

या इंजिनाचं मूळ फियाटचं. तेराशे सीसीचं हेच यंत्र तेव्हा स्विफ्टमध्ये, रिट्झमध्ये, व्हिस्टात, पुंटोत, लिनियात, अर्टिगात, सगळीकडे. मारुती ते परवान्यावर मानेसरला बनवायची आणि 2012 पासून पुण्याजवळच्या रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातूनही घ्यायची. त्याचा फायदा मालकाला असा, की साखरप्याच्या वळणावर पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या पोरालाही हे इंजिन तोंडपाठ. गाडी ‘विश्वासू’ म्हणतात त्यातला अर्धा विश्वास या पत्र्याच्या शेडांचा आहे. माझ्या गाडीने मला रस्त्यात दोनदा उभं केलं. एकदा बॅटरीने. एकदा उंदराने. पोर्चमध्ये आठ दिवस उभी होती, तेवढ्यात वायरिंगचा एक झुबका कुरतडून त्याने बॉनेटखाली नारळाच्या शेंड्यांचं घरटं केलं होतं. क्लच 92 हजारांवर बदलला. मिस्त्री म्हणाला, ‘बराच टिकला की सर. घाटातल्या गाडीचा साठलाच जातोय.’

पण मला सांगायचंय ते 2021 च्या पावसाळ्याचं.

वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. कॉलेज ऑनलाइन होतं म्हणून जुलैत आईकडे देवरुखला गेलो आणि त्याच आठवड्यात आंबा घाटात दरडी कोसळल्या. घाट बंद. नंतर लहान गाड्या सुटू लागल्या, पण तास फोनवरच घ्यायचे तर घाई कसली, म्हणून राहिलो. गाडी तीन आठवडे आंब्याखाली, पावसात, हँडब्रेक ओढून उभी. ऑगस्टमध्ये परत आलो. पहिली टाकी 18.2. पावसाचे दिवस, एसी, काच पुसणी, म्हणून सोडून दिलं. दुसरी 17.1. तिसरी 16.8, तीही घाटाच्या रस्त्यावर. वहीच्या नऊ वर्षांत त्या रस्त्यावर सोळा कधी आलं नव्हतं.

गाडीला बाकी काहीही होत नव्हतं. आवाज नाही, धूर नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने लॅपटॉप जोडला, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘इंजेक्टर गेलेत. चारही बदलावे लागतील.’ अंदाजपत्रक 58 हजार. मी वही पुढे केली, त्याने ती उघडली नाही. ‘सर, ॲव्हरेज कमी येणं नॉर्मल आहे, गाडी जुनी झाली.’ नऊ वर्षं वीस-एकवीस देणारी गाडी दोन महिन्यांत कशी जुनी होते, हे मी विचारलं तर ‘इंजेक्टर’ एवढंच परत.

तिथून तसाच उठून मंगळवार पेठेत आमच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने वही घेतली, बोटाला ग्रीस होतं म्हणून आधी पुसलं, आणि शेवटची तीन पानं मनातल्या मनात वाचली. मग विचारलं, ‘सर, तुमच्या गल्लीत तो उतार हाय न्हवं? न्यूट्रल टाकली की पहिल्यासारखी सुटती काय?’

मला उत्तर देता येईना. मग आठवलं, गेले काही दिवस गेटापर्यंत यायला शेवटी ॲक्सिलरेटर द्यावा लागत होता. आधी तशीच घरंगळत यायची.

त्याने मला शेजारी बसवून रंकाळ्याला एक चक्कर मारली. आल्यावर बॉनेट उघडलं नाही. वाकून चारही चाकांच्या रिमजवळ तळहात नेत गेला, शेगडी पेटली का बघतात तसा. मागच्या डाव्या चाकाशी हात झटकन मागे. ‘हितं बघा.’ मी हात नेला, तर दोन इंच अंतरावरूनच धग लागली. ‘ही ओढत न्हाई असं न्हवं. हिला मागनं कुणीतरी धरलंय.’ हँडब्रेकची केबल आतून गंजली होती. लिव्हर खाली केला तरी केबल पूर्ण मागे जात नव्हती, आणि लायनर ड्रमला हलके घासत होते. दोन महिने मी ब्रेक लावून गाडी चालवत होतो आणि इंजिन बिचारं तक्रार न करता जास्त डिझेल पीत होतं. केबल, एका बाजूचे लायनर, मजुरी, सगळे मिळून एकोणीसशे रुपये. वर एक झापणी: ‘पावसात उभी करायची तर गिअरात टाकून चाकाला दगड लावायचा. हँडब्रेक ओढायचा न्हाई. मास्तर माणूस तुम्ही.’

पुढची टाकी 20.6. इंजेक्टर अजून तेच आहेत.

यंदा मुलगा म्हणाला, ‘बाबा, 2027 मध्ये पंधरा वर्षं होतील, परत पासिंग, ग्रीन टॅक्स. आत्ताच काढून टाका.’ नव्या नंबरप्लेटी नुकत्याच लावल्यात, गाडी 1 लाख 38 हजारांवर आहे. विकायचीच तर एकदा पुरा हिशोब करू म्हणून रविवारी बसलो. सव्वादोन लाखांना जाईल असं धरलं, तर गाडीच्या किमतीतली घट किलोमीटरला 3 रुपये 80 पैसे. डिझेल तेरा वर्षांची सरासरी काढून 3 रुपये 20 पैसे. टायर, विमा, सर्व्हिसिंग, क्लच, उंदीर वगैरे अडीच रुपये. सगळ्यात मोठा आकडा पंपावर गेलेलाच नाही. आणि आम्ही तेरा वर्षं पहिल्या कटला नोझल थांबवत बसलो होतो. वडिलांना हे दाखवलं असतं तर काय म्हणाले असते, कोण जाणे. बहुधा भागाकार परत तपासला असता.

जुन्या गाड्या घेणारा एजंट मंगळवारी आला. बॉनेट, डिकी, खालचा पत्रा, स्टेपनी, सगळं बघून झाल्यावर मीटरकडे बोट दाखवून गालात हसला. मीटर मागे फिरवलेलाच असतो असं गृहीत धरणारं ते हसू. मी वही दिली. तो पोर्चच्या पायरीवर बसला आणि पंधरा मिनिटं पानं उलटत राहिला. प्रत्येक टाकी, तारीख, किलोमीटर, लिटर, पंप. आधी वडिलांचं बारीक तिरकं अक्षर, 2019 पासून माझं.

‘गाडीला सव्वादोन देतो सर,’ तो म्हणाला. ‘ही वही सोबत दिलीत तर अडीच.’

वहीची पहिली अकरा पानं वडिलांच्या चेतक स्कूटरची आहेत. 1986 ते 1998, देवरुख ते संगमेश्वर, पेट्रोल आणि ऑइलचा वेगळा रकाना. मी म्हटलं, ‘झेरॉक्स काढून देतो.’

‘मग सव्वादोनच,’ तो म्हणाला.