हळदीचे अंगठे

मार्चमध्ये स्वाध्याय तपासायला घेतले की कागदांवर पिवळे अंगठे उमटलेले दिसतात. हिंगोली जिल्ह्यात तेव्हा हळद शिजवण्याची, वाळवण्याची धांदल असते. पोरं सकाळी शेतात आणि दुपारी कॉलेजात. अंगठे ज्याचे त्याचे, मजकूर मात्र सगळ्यांचा एकच. ‘पूर्ण स्पर्धे’ची वैशिष्ट्यं गाइडातल्याच क्रमानं, तिथल्या छपाईच्या चुकीसकट.

मीही विद्यार्थी असताना हेच केलंय, जरा शहाणपणानं. ‘अनेक’ऐवजी ‘पुष्कळ’, ‘वस्तू’ऐवजी ‘माल’. याला स्वतःच्या शब्दांत लिहिणं म्हणतात, असं शिकवायला लागल्यावरही काही वर्षं वाटत होतं. एकदा तर ‘अलवचिक’ला ‘न वाकणारा’ लिहून मोकळा झालो होतो. संज्ञा बदलायची नसते. ती जशीच्या तशी ठेवून तिच्या भोवतीचं आपण रचायचं असतं, हे फार उशिरा कळलं.

सेनगावकडच्या एका मुलाचा निबंध मी परत केला. म्हटलं, “पुस्तक मिटव. घरची हळद कशी विकली, ते सांग.”

तो बोलायला लागला. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात लागलेली गाड्यांची रांग. व्यापारी कांडी मोडून आतला रंग बघतो. कट्‌कन न मोडता ती वाकली, तर ओल आहे म्हणून भाव पाडतो. “अन् सर, पुस्तकात म्हणतेत सगळा माल एकजिनसी. मग वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन कशाला दिलं?”

पुस्तकात बाजाराचं पूर्ण ज्ञानही गृहीत धरलेलं असतं. आज किती आवक झाली, ते व्यापाऱ्याला सकाळीच कळतं; याला रांगेत उभं राहिल्यावर.

“पडला भाव, तर माल परत का नाही नेला?” मी विचारलं.

“गाडीभाडं कोण देईल? अन् खतवाला थांबतो का?”

इथं मी त्याला अर्थशास्त्रज्ञ मार्शलची आठवण करून दिली. १८९०च्या ग्रंथात त्यानं अत्यल्प काळातला पुरवठा समजावताना मासळीचं उदाहरण घेतलंय: दिवसभरात आलेली मासळी विकावीच लागते. पुस्तकात ते प्रकरण वेगळं, पूर्ण स्पर्धेचं वेगळं, लवचिकतेचं तिसरंच. पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “हळद तर नासत नाही, सर. तरी आम्ही मासळीवाल्यावानीच विकतो.”

तिन्ही प्रकरणं त्या एका वाक्यात येऊन बसली होती. असं वाक्य सापडेपर्यंत लिहायला बसू नये, असं माझं मत आहे. सहकाऱ्यांना ते पटत नाही, कारण जमा करायची तारीख असते. पोराला एवढंच सांगितलं की, आज काही लिहू नकोस. उद्या सकाळी कोऱ्या कागदावर लिही आणि संज्ञा, नावं, सनावळी तपासायलाच पुस्तक उघड.

चार पानं आली. दुसऱ्या पानावरचं एक वाक्य नऊ ओळींचं होतं, आणि व्यापाऱ्यावरचा राग गरजेपेक्षा जास्त. पण ‘अलवचिक पुरवठा’ अगदी गाडीभाड्याच्या शेजारी, आपल्या जागी बसला होता.

“यात गाइडातलं एकबी वाक्य नाही, सर,” तो चाचरत म्हणाला. “मार्क कापताल का?”

मासळीच्या उदाहरणापाशी मार्शलचं नाव राहून गेलं होतं. तेवढं लिहायला मी त्याला पेन दिला.