नखेत्र नसलेलं घर

‘साउथ अमेरिकेतला क्रिसमस’ हा विषय माझ्या एडिटरच्या डोक्यात २०२४ च्या नोव्हेंबरात शिरला. रिओ, लिमा, काहीही चालेल म्हणाली. मी खूश! पासपोर्ट कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते बघायला लागले. मग तिने बजेट सांगितलं. त्यात पुणे-पणजी स्लीपर बसचं जायचं-यायचं तिकीट आणि तीन रात्रींची खोली बसत होती. ‘‘अगं, पोर्तुगीज चर्च, पोर्तुगीज घरं, घाम फोडणारा क्रिसमस. मिनी-रिओच की!’’ फ्रीलान्सरने अशा वेळी वाद घालायचा नसतो.

खरं सांगायचं तर त्या सुट्टीत मानवतला जायला हवं होतं. दिवाळीलाही गेले नव्हते. दिवाळी अंकांची कामं होती, हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. आईलासुद्धा.

आमचं मानवत परभणी जिल्ह्यात. डिसेंबरात तिथे कापसाच्या गाड्या आणि हुरडा. नाताळ म्हणजे शाळेच्या कॅलेंडरवरचा एक लाल आकडा, बस्स. हा शब्द आपलाच आहे असं मला कॉलेजपर्यंत वाटायचं. तो पोर्तुगीज निघाला. ब्राझीलमध्ये तर याच नावाचं अख्खं शहर आहे, २५ डिसेंबर १५९९ ला वसवलं म्हणून नाव नाताल! गोव्याचा काजूसुद्धा पोर्तुगिजांनी ब्राझीलहूनच आणलेला. म्हणजे फेणीचं माहेर तिकडचं. एडिटर अगदीच चुकलेली नव्हती, पण हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

चोवीस तारखेला सकाळी पणजीत उतरले तेव्हा शहर फुल्ल होतं. नेहमीचे टुरिस्ट होतेच, शिवाय जुन्या गोव्यात सेंट झेवियर यांच्या अवशेषांचं दर्शन चालू होतं. ते दहा वर्षांतून एकदा होतं. त्या वेळी २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी अशी मुदत होती, त्यामुळे भाविकांची रीघ. मांडवीत कॅसिनोच्या बोटी दिवसाउजेडी मेकअप उतरलेल्या नटीसारख्या उभ्या. त्यांच्याकडे पाठ करून चालायला लागलात की दहा-पंधरा मिनिटांत इमॅक्युलेट कन्सेप्शनचं पांढरंशुभ्र चर्च आणि त्याच्या त्या सुप्रसिद्ध नागमोडी पायऱ्या. आत्ताची वास्तू १६१९ ची. वरची थोरली घंटा मात्र मूळची इथली नाही. जुन्या गोव्यातला ऑगस्टिनियन मठ पडला आणि १८७१ मध्ये त्याची घंटा इथे येऊन टांगली गेली. पडक्या घरातली वस्तू चालत्या घरात आली म्हणायची.

माझी खोली फोंतेन्यासमध्ये होती. तुम्ही इन्स्टाग्रामवर शंभरदा पाहिलेली ती पिवळी, निळी, लाल घरं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे माडांची बाग होती. आफ्रिकेत, मोझांबिकला पैसा कमावून परतलेल्या एकाची. त्याचं टोपणनावच ‘मोसमीकर’ पडलं होतं. पुढे १८४३ मध्ये राजधानी पणजीला आली आणि वस्ती वाढली. आता दर दुसऱ्या दाराशी कुणीतरी पोज देत असतं. दारं लोकांची आहेत, आत कुणाचा तरी कुकर चालू आहे, याचा पत्ताच नाही. काही घरांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या आहेत. त्या पाट्यांसोबतही लोक सेल्फी घेतात. (मीही एक घेतला. डिलीट केला.)

संध्याकाळी गल्ली बदलली. फोटोवाले किनाऱ्यांकडे पांगले आणि घराघरावर नखेत्रं लागली. कोकणीत नक्षत्राला, म्हणजे नाताळच्या चांदणीला नखेत्र म्हणतात. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद, आत दिवा. आपल्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ. अंगणात गवत पसरून गोठे मांडलेले. दोन पोरं जुन्या पँटमध्ये पेंढा भरत होती. तो ‘ओल्ड मॅन’, एकतीसच्या रात्री जाळायचा. नरकासुर जाळणाऱ्या गोव्याला हे नवीन नाही. आणि तिकडे इक्वेडोरमध्ये, क्वितोच्या रस्त्यांवर, त्याच रात्री अगदी असेच पुतळे जळतात, ‘जुनं वर्ष’ म्हणून. बघा, आला की नाही साउथ अमेरिका!

गल्लीत एका घरावर नखेत्र नव्हतं. नेमकं ते माझं होतं.

घरमालकीण आंटी सत्तरीच्या. काळा फ्रॉक, पांढरे केस. ‘‘तूं खंयची गो?’’ मी मानवत सांगितलं. ‘‘तें खंय?’’ मी परभणी सांगितलं, औरंगाबादच्या पुढे म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. मग मीच विचारलं, नखेत्र लावायचं राहिलंय का, लावून देऊ का?

‘‘औंदां ना, बाय.’’ या वर्षी नाही. ऑगस्टमध्ये अंकल गेले.

मला पुढे काही सुचलं नाही. त्यांनीच कोकणी-हिंदी-इंग्लिशची मिसळ करून सांगितलं. मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये, स्विंडनला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्याआधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. तो पासपोर्ट युरोपात चालायचा, म्हणून ब्रेक्झिटपूर्वी कितीतरी गोंयकार तिकडे गेले. मुलगा अंत्यविधीला येऊन गेला, आता पुन्हा रजा नाही. ‘‘फोन करता तो. सगळ्यां वेळार फोन करता.’’ यात तक्रार नव्हती. मलाच ती ऐकू आली.

आणि तरीही जेवणाच्या टेबलावर जागा नव्हती! बशा, डबे, क्रोशाच्या रुमालांनी झाकलेल्या थाळ्या. दोदोल, बेबिंक, नारळाची बिस्किटं, आणि दोस नावाची चण्याच्या डाळीची वडी. ती मला थेट पुरणासारखी लागली. दुःख असलेल्या घरात गोड करत नाहीत, आंटी म्हणाल्या, म्हणून शेजारी पाठवतात. या देवाणघेवाणीला कोन्सुआदा म्हणतात. एरवी परतीचं ताट जातं, या वर्षी नुसतं घ्यायचं. एका डब्यात नेवऱ्या होत्या, म्हणजे आपल्या करंज्या. त्या समोरच्या हिंदू घरातून आलेल्या. चवथीला त्यांच्याकडून येतातच, पण या वेळी त्या बाईंनी नाताळसाठी मुद्दाम परत घाट घातला होता.

मी नेवरी हातात घेतली आणि मला आमचं स्वयंपाकघर दिसलं.

बाबा मे महिन्यात गेले. ही आमची त्यांच्याविना पहिली दिवाळी. कढई चढायची नव्हती, कंदील लागायचा नव्हता, आणि त्या घरात चार दिवस बसायची माझी हिंमत झाली नाही. दिवाळी अंक वगैरे काही नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी पुण्यात पिझ्झा मागवून सिरीज बघत होते. आईने फोनवर सांगितलं होतं, ‘‘शेजारच्यांनी डबे आणून दिलेत गं, खाणारं कुणी नाही.’’ मी म्हटलं, ‘‘फ्रीजमध्ये ठेव.’’

रात्री आंटींबरोबर मिस्सेला गेले. पोर्तुगीजमध्ये हिला कोंबड्याची मिस्सा म्हणतात, ब्राझीलमध्येही हेच नाव. सगळी पणजी नटूनथटून आलेली. पोरींच्या हिल्स, बाप्यांचे कोट, झोपलेली बाळं खांद्यावर. कोकणीतली गाणी मला अर्धी कळली. आंटी शेवटपर्यंत ताठ उभ्या होत्या. मिस्सा संपल्यावर लोक एकेक करून त्यांच्याकडे येत होते. कुणी ‘मेरी क्रिसमस’ म्हणत नव्हतं. हात हातात घेत होते आणि सोडत होते. एवढंच. मी रिपोर्टर म्हणून गेले होते, पण एकही फोटो काढला नाही. एडिटर त्यावरून अजून बोलते.

पंचवीसला सकाळी मी आईला फोन लावला.

‘‘इतक्या लांब कामून गेलीस गं एकटीच?’’

मी म्हटलं, काम होतं. मग म्हटलं, दिवाळीला काम नव्हतं आई. मला यायचं नव्हतं.

पलीकडे मिक्सर बंद झाला. ‘‘माहितंय मला,’’ आई म्हणाली. ‘‘मला तरी कुठं राहायचं होतं इथं. पण मी कुठं जाऊ?’’

जाताना आंटींनी नेवऱ्यांचा डबा हातात ठेवला. मी म्हटलं, आमच्याकडेही या वर्षी गोड नाही. ‘‘करूंक ना,’’ त्या म्हणाल्या, करायचं नाही. दुसऱ्याने दिलेलं खायचं. त्यासाठीच तर देतात. ‘देव बरें करूं’ एवढी कोकणी मला येत होती, तेवढी वापरली.

पुण्यात खोलीवर कपडे बदलले आणि रात्रीची गाडी पकडली. सत्तावीसला सकाळी मानवत रोडला उतरले. स्टेशनपासून गाव लांब, रिक्षात डबा मांडीवर. रस्त्याच्या कडेला वेचायच्या राहिलेल्या कापसाचं शेत अजून पांढरं होतं.

आईने डबा उघडला. बाबांच्या फोटोसमोर एक ठेवली, एक स्वतः मोडली, थोडा वेळ चावत राहिली.

‘‘पारी जाड झालीय,’’ म्हणाली. आणि दुसरी घेतली.