अळणी खिचडी

‘श्यामची आई’मधली अळणी भाजीची गोष्ट मी दरवर्षी सहावीच्या वर्गाला सांगते, मग ती त्या वर्षीच्या पुस्तकात असो वा नसो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिलं, एवढं आधी सांगायचं आणि मग गोष्ट. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवतात, भाजी छान झालीय म्हणतात, मुलंही निमूट खातात. शेवटी आई जेवायला बसते आणि पहिल्याच घासाला तिच्या लक्षात येतं. तिला फार वाईट वाटतं. गोष्ट एवढीच, पण वर्ग शांत होतो.

दोन वर्षांपूर्वी मात्र एका मुलीने हात वर केला. “मॅडम, म्हणजे श्यामचे बाबा खोटं बोलले ना?”

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. “तसं नाही गं, त्यांनी आईचं मन राखलं,” असं काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली. ती म्हणाली, “मग मी पण मन राखायला खोटं बोलले तर चालेल?” तेवढ्यात घंटा झाली. घंटेचे असे उपकार आपल्यावर पुष्कळ असतात!

त्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजते. मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकाने ती खाऊन बघायची आणि चव नोंदवहीत लिहायचं, असा नियम आहे. त्या दिवशी पाळी माझी होती. केंद्रात माहिती पाठवायची घाई, मोबाईलला रेंज नाही. मी नोंदवही ओढली, ‘चव चांगली’ लिहिलं, सही ठोकली. चमचा हातात घेतलाच नाही. (हे वाचून काही जण गालात हसतील, आणि का हसले ते मला माहीत आहे.)

व्हरांड्यात पंगत बसली. पंगतीतून एक मुलगा सारखा उठत होता. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची आई हा ब्लॉग वाचते. हा आमचा ठरलेला गिऱ्हाईक. फळ्यावर ‘गडबड करणारे’ या यादीत त्याचं नाव नसेल तर तो गैरहजर समजायचा. तो उठला, स्वयंपाकाच्या खोलीत गेला, परत आला, मुठीत काहीतरी लपवून ओळीतून फिरला, पुन्हा उठला. मी ओरडले, “बस खाली! जेवताना तरी माणसासारखा वाग.” तो बसला. मॉनिटरने जाऊन फळ्यावर त्याचं नाव पहिलं लिहिलं.

मुलांचं झाल्यावर मी ताट घेतलं. पहिला घास तोंडात घातला आणि हात थांबला. खिचडीत मिठाचा कण नव्हता.

त्याला बोलावलं. तो घाबरतच आला. मुठीत काय होतं विचारल्यावर म्हणाला, “मीठ.” मावशींकडे जाऊन त्याने सांगितलं होतं, मला मीठ जरा जास्त लागतं, थोडं द्या. मग चिमूट चिमूट सगळ्यांच्या ताटात टाकलं होतं. “अरे, मग मला का नाही सांगितलंस?” तर हळूच म्हणाला, “मॅडम, मावशी रात्रभर दवाखान्यात होत्या, सासूजवळ. आमच्या गल्लीतच राहतात. मागच्या महिन्यात भात करपला तेव्हा सर त्यांना बोलले होते. त्यांना नका सांगू.”

मावशी माझ्यासमोरून रोज जातात. त्यांची सासू आजारी आहे हे मला माहीत नव्हतं. थोड्याशा मानधनावर त्या पोरांसाठी रोज मोठं पातेलं चढवतात, आणि मी त्यांना फक्त “झालं का?” एवढंच विचारत असे.

आपल्या मूल्यशिक्षणाच्या तक्त्यात दहा मूल्यं आहेत. वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा तपासायला सोपे, म्हणून आपण तेच तपासतो. त्या दोन्हीत या पोराला मी कधी बरा शेरा दिलेला नाही. ‘आदर्श विद्यार्थी’ म्हणून आपण बहुतेक वेळा ज्याचा आपल्याला त्रास होत नाही त्याला निवडतो, आणि मीही तेच करत आले. पण त्या दिवशी खिचडीत मीठ नाही हे चाळीस जणांना कळलं होतं. काहींनी तोंड वाकडं केलं, काहींनी ताट सरकवलं. मावशींना काल काय झालं असेल, हे एकालाच दिसलं. आणि तो खोटंही बोलला नाही हो. मीठ त्याला जास्त लागतंच. तो देव्हाऱ्यात बसवण्यासारखा आहे असं मात्र समजू नका. दोनच दिवसांनी त्याने एकाच्या सायकलची हवा सोडली आणि मी त्याला त्याबद्दल रीतसर रागावले.

फळ्यावरचं त्याचं नाव मी सगळ्यांसमोर पुसलं. मग प्रश्न राहिला नोंदवहीचा. ‘मीठ नव्हतं’ असं लिहिलं तर पुन्हा मावशींवरच येणार. तसंच ठेवलं तर माझी सही खोटी. शेवटी ‘चव चांगली’वर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘आज मी चव न घेता नोंद केली होती.’ मुख्याध्यापकांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बोलणी खाल्ली. माझीच होती ती.

त्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलंच होतं. दुसऱ्या दिवशी तासाला मी नोंदवहीचं सगळं वर्गाला सांगितलं. खिचडी अळणी होती हे त्यांना ठाऊकच होतं, माझी नोंद ठाऊक नव्हती. ती मुलगी जरा वेळ विचार करत बसली.

“म्हणजे तुम्ही आणि श्यामचे बाबा एकच बोललात, मॅडम.”

“हो.”

“पण त्यांनी ती भाजी खाल्ली होती.”