पेट्रोलपंपावरील न्याय

संस्कृतांत काकतालीय म्हणून एक न्याय आहे. कावळा ताडावर बसावयास आणि ताडफळ खालीं पडावयास एकच गांठ पडते, आणि पाहणारा म्हणतो कीं कावळ्यानेंच फळ पाडलें. हा न्याय आम्हीं तीस वर्षें मुलांस शिकविला. परंतु २०२५ च्या पावसाळ्यांत एका पेट्रोलपंपावर आमचीच परीक्षा झाली, व तींत आम्ही साफ नापास झालों. तो वृत्तांत वाचकांस सांगावयाचा आहे.

आमचे वडील बंधू दादा यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुण्यास व्हावयाची होती. सकाळीं दहास हजर राहा, उशीर झाल्यास दिवस बदलावा लागेल, असें डॉक्टरांनीं बजाविलें होतें. दादांचें वय ७८. आधींचा एक दिवस रक्तदाब वाढल्यामुळें हुकलेला. रात्रभर त्यांस झोंप नव्हती. सातास वाईहून निघालों. चिरंजीव कामानिमित्त परगांवीं, म्हणून मोटार सूनबाई चालवीत होती. खंबाटकीचा बोगदा मागें टाकल्यावर शिरवळच्या अलीकडे एका पंपावर टाकी भरून घेतली.

येथें आमची एक संवय सांगितली पाहिजे. पुढें तिचाच संबंध येणार आहे. टाकी भरली कीं पंपाची नळी आपोआप 'खट्' करून बंद होते. त्या वेळीं आंकडा १,९६२ असला तर आम्हांस चैन पडत नाहीं. 'दोन हजार पुरे कर' असें आम्ही सांगतों, आणि मुलगा नळी पुन्हां दाबून थेंबथेंब पेट्रोल आंत रिचवितो. जमाखर्चाच्या वहींत पूर्ण आंकडा शोभून दिसतो, याखेरीज त्यांत दुसरा हेतु नाहीं. त्या दिवशींही तसेंच केलें.

पैसे चुकते झाले, सूनबाईनें किल्ली फिरविली, आणि मोटार सुरू होईना. स्टार्टर जोरानें फिरे, दिवे लख्ख पेटत. तेव्हां बॅटरीचा दोष नव्हे. परंतु एंजिन क्षणभर गुरगुरे, थरथरे आणि गप्प होई. पांच वेळां झालें, सहा वेळां झालें. मागें बसलेले दादा हळूच म्हणाले, "राहूं दे रे, आजही योग दिसत नाहीं."

त्या वाक्यानें आमचें भान सुटलें. दहा मिनिटांपूर्वीं मोटार धांवत होती. मध्यें घडलें काय, तर पेट्रोल भरलें. तेव्हां पेट्रोलच खोटें! आम्ही खालीं उतरलों आणि नळी धरणाऱ्या त्या विशीबाविशीच्या मुलास चारचौघांदेखत नको तें बोललों. "पाणी मिसळतां आणि लोकांच्या जिवाशीं खेळतां," हेंही एक वाक्य त्यांत होतें. मुलगा उलट बोलला नाहीं. त्यानें आंतून फिल्टर पेपर आणला, नळीचें तोंड पुसलें आणि एक थेंब कागदावर सोडला. दोनएक मिनिटांत थेंब उडून गेला, डाग राहिला नाहीं. ही परीक्षा मागण्याचा प्रत्येक ग्राहकास अधिकार आहे. परंतु आम्हीं मागितली नसतां ती त्यानें आपण होऊन दिली. "पाण्याचा डाग कुठें पडतो?" असें म्हणून आम्हीं तोही पुरावा फेटाळला. जन्मभर वर्गांत शेवटचा शब्द आपलाच असला म्हणजे असें होतें.

तेव्हां सूनबाई म्हणाली, "मामंजी, हें आज तिसऱ्यांदा होतें आहे. मागें वाईला आणि त्याआधीं साताऱ्याला पेट्रोल भरल्यावर दोनतीनदां किल्ली फिरवावी लागली होती. घरीं रात्रभर उभी असली तर सकाळीं लगेच सुरू होते."

पंप तीन, खोड एकच! अन्वयव्यतिरेक म्हणतात तो याहून निराळा काय असतो? जें तिन्ही ठिकाणीं होतें आणि घरीं नव्हतें तें कारण. आणि तें म्हणजे हा पंप नव्हे, तर टाकी भरण्याची क्रियाच. आम्ही एका कावळ्यावर काठी उगारली होती.

मुलगा पुढें झाला. "ताई, अ‍ॅक्सिलरेटर पार खालपर्यंत दाबून धरा आन् मग सेल्फ मारा. पाय सोडूं नका." सूनबाईनें तसें केलें. मोटार खोकली, पेट्रोलचा उग्र वास सुटला, मागून काळा धूर निघाला आणि एंजिन सुरू झालें. अर्धा तास गेला होता. त्या घाईंत आम्हीं त्याचे आभारही मानले नाहींत. दहास पांच मिनिटें असतांना दवाखान्यांत पोहोंचलों, आणि शस्त्रक्रिया यथास्थित पार पडली.

पुढें वाईच्या मेकॅनिकनें उलगडा केला. टाकींतील पेट्रोलची वाफ हवेंत जाऊं नये म्हणून ती कोळशाच्या एका डबींत धरून ठेवतात, आणि एंजिन चालूं असतां एका लहानशा व्हॉल्व्हमधून तें ती ओढून जाळतें. एंजिन बंद असतां हा व्हॉल्व्ह मिटलेला असावा. आमचा उघडाच राहिला होता. टाकी भरतांना आंतली वाफ त्या वाटेनें एंजिनांत शिरे, पेट्रोलच्या मानानें हवा कमी पडे, आणि ठिणगी पडूनही जाळ धरत नसे. पाय पूर्ण दाबून किल्ली फिरविली असतां बहुतेक मोटारींचा संगणक पेट्रोल तोडतो व नुसती हवा आंत जाऊं देतो. तीच त्या मुलाची युक्ति. "सर," मेकॅनिकनें विचारलें, "खट् झाल्यावर वरून भरतां का हो? मग डबींत पेट्रोलच उतरतं. कोळसा खराब होतो, त्याचे कण येऊन व्हॉल्व्ह अडकतो." सूनबाई तेथें होती, तिनें आमच्याकडे पाहिलें नाहीं, हा तिचा चांगुलपणा.

त्या मुलास भेटावयाचें होतें. परंतु पुण्याहून परततांना पंप रस्त्याच्या पलीकडील अंगास राहिला होता. आठव्या दिवशीं दादांना तपासणीस न्यावयाचें होतें, तेव्हां मुद्दाम तेथें थांबलों. मुलगा कामावर होता. "त्या दिवशीं आमचें चुकलें. आम्ही तुला फार बोललों," असें आम्ही म्हणालों. तो हंसला. "असूं द्या काका. रोजचंच आहे." तें 'रोजचंच' आम्हांस फार लागलें.

"किती टाकूं?" त्यानें विचारलें.

"नळी थांबेल तेथें थांब."

खट् झालें. "चौदाशे करूं का?" तो संवयीनें म्हणाला. आम्हीं मान हलविली. तोंच मागच्या खिडकींतून, काळा चष्मा कपाळावर सारून, दादांनीं यंत्रावरचा आंकडा मोठ्यानें वाचला, "तेराशें सत्त्याऐंशी."