कोडमधली रिकामी जागा आणि कऱ्हाड्यांचा र

ओळीअखेर राहून गेलेली स्पेस प्रोग्रामरला दिसत नाही, गिटला दिसते. कुणी एकच ओळ बदलावी आणि जतन करताना एडिटरने साऱ्या फाइलमधल्या अशा स्पेस पुसाव्यात, की जुन्या-नव्या प्रतींच्या तुलनेत ओळीच ओळी बदललेल्या दिसतात आणि मूळ दुरुस्ती त्यात हरवते. म्हणून सफाई स्वतंत्र कमिटमध्ये करावी. व्हीएस कोडमध्ये ती आपोआप करणारी सेटिंग असते, पण मुळात बंद. इमॅक्समध्ये तयार आज्ञा आहे. एडिटरकॉन्फिगची फाइल प्रकल्पात ठेवली, की नियम सर्वांना एकच.

मात्र प्रत्येक रिकामी जागा कचरा नसते. मार्कडाउनमध्ये ओळीअखेरच्या दोन स्पेस म्हणजे मुद्दाम तोडलेली ओळ. मेकफाइलमध्ये आदेशाआधी टॅबच लागतो.

देवनागरीत प्रकरण आणखी नाजूक होते, आणि जबलपूरसारख्या गावात ते टाळता येत नाही. १८१७ पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांकडे होते; मराठी कुटुंबे आजही तिथे आहेत. त्यामुळे एखाद्या संस्थेच्या सभासदयादीत मिश्रा, पटेल यांच्या शेजारी कऱ्हाडे, गोऱ्हे असतात. या आडनावांतला र दोन रीतींनी साठवला जातो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे युनिकोडचे २००डी हे चिन्ह. नेहमीची रिकामी जागा शोधणारा साचा त्या जोडकाला हात लावत नाही. पण ‘अदृश्य चिन्हे काढा’ म्हणून फिरणारे तयार साचे २००बी ते २००डी सरसकट उडवतात. मग कऱ्हाडे यांचे ‘कर्हाडे’ होते. हिंदीत असा र नसल्याने तपासणाऱ्याला त्यात काही खटकतही नाही. प्रोग्राम बिनतक्रार चालत राहतो, हीच यातली खरी अडचण.

जोडक वाचला, तरी दोन रीतींनी लिहिलेले एकच आडनाव शोधात जुळत नाही, कारण युनिकोडचे प्रमाणीकरण त्यांना एक मानत नाही. तेव्हा आधी र, हलन्त आणि जोडक या त्रयीच्या जागी ऱ आणि हलन्त घालावे. २००बी ही शून्य रुंदीची स्पेस शब्दाच्या मध्ये चुकून शिरली असेल तर खुशाल काढावी; उरलेले जोडक आणि शून्य रुंदीचे विभाजक (२००सी) मात्र मराठी वाचणाऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय पुसू नयेत.