‘अहो’ आणि ‘अरे’

नवराबायकोने समोरासमोर बसून खेळावे असे खेळ आपल्याकडे थोडेच. पत्त्यांना चौघे लागतात, बुद्धिबळात बोलायची सोय नाही, आणि भातुकली तर लग्न होईपर्यंतच खेळायची, असा समज! पण औरंगपुऱ्यातल्या आमच्या माडीवर, मंडईतून आणलेली मेथी निवडून झाली, जेवणे आटोपली, की साठी उलटलेली दोन माणसे चक्क भातुकली मांडून बसतात.

या भातुकलीचे बारसे अमेरिकेत झाले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची. दुसऱ्याने सोंग घ्यायचे आणि पुढे काय करणार ते सोंगाच्या तोंडून बोलायचे. धाडस साधले की फसले, हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. लेकीने तो संच पाठवला. त्यातले परदेशी राक्षस आम्ही गाळले आणि गोष्ट नेली आपल्या देवगिरीच्या किल्ल्यावर. सूत्रधार मी, किल्लेदारीणही मीच. हे म्हातारे शिलेदार.

उभ्या जन्मात मी यांना ‘अहो’शिवाय हाक मारली नाही. पण किल्लेदारीण शिलेदाराला ‘अरे’च म्हणणार! पहिल्या रात्री तो शब्द घशात अडकला. दुसऱ्या रात्री इतका सहज आला, की दोघांनाही हसू फुटले.

एके रात्री शिलेदाराला अंधारीतून जायचे होते. देवगिरीची अंधारी म्हणजे शत्रूला चकवण्यासाठी खडकात कोरलेली वळणावळणाची काळोखी वाट. मी म्हटले, “अरे, मशाल विझली. आता काय करतोस?”

हे बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, “बाईसाहेब, भीती वाटते. हात धरा.”

तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आत नेताना याच माणसाने मला एवढेच विचारले होते, “दूधवाल्याचे पैसे दिलेस का?”

त्या रात्री फासा टाकायचा राहूनच गेला. शस्त्रक्रियेविषयी आम्ही पहिल्यांदा बोललो, तेही पहाटेपर्यंत.

वाचकहो, यात नवे काहीच नाही. इथून जवळच वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्यात शंकर-पार्वतींचा डाव कोरलेला आहे. पार्वती फासे टाकणार, तोच शंकराने तिचा हात धरून ठेवला आहे. स्कंदपुराणाच्या केदारखंडात तर पुढची हकीकत आहे. सर्वस्व हरलेले शंकर रुसून वनात निघून गेले, तेव्हा पार्वतीने शबरीचे रूप घेतले आणि त्यांचे मन पुन्हा जिंकले. घरची पार्वती समजूत घालायला गेली असती, तर वाद वाढला असता. अनोळखी शबरीपुढे रुसवा टिकला नाही.

म्हणून या दिवाळीत फराळाची ताटे जरा बाजूला सारा आणि एखादे सोंग घेऊन पाहा. नवरा काय बोलणार, हे इतक्या वर्षांत पाठ झालेले असते. शिलेदार काय बोलेल, ते मात्र ऐकावेच लागते.