‘ॲव्हरेज’चा हिशेब

मध्यमवर्गीय मराठी घरात मोटार घेण्याचा विषय निघाला की रंग, आकार, सुरक्षितता या गोष्टी मागाहून येतात. आधी विचारले जाते, ‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नामागे काटकसरीचा जुना संस्कार आहे आणि तो वाईट नाही. मात्र त्याच्या जोडीने एक समजूतही वर्षानुवर्षे चालत आली आहे : ऑटोमॅटिक गाडी पेट्रोल पिते.

कोल्हापुरातील एका निवृत्त दांपत्याची मोटारखरेदी याच समजुतीपायी वर्षभर अडून राहिली होती. गृहस्थांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून क्लच दाबणे त्यांना जमेना. पत्नीकडे परवाना होता. पण चढावर थांबलेली गाडी पुढे काढताना मागे सरकेल, या धास्तीने त्यांनी गाडी चालवणे कधीच सोडून दिले होते. जुनी मोटार दारात उभी राहिली. पुण्याहून मुलगी फोनवर सांगे, “बाबा, ऑटोमॅटिक घ्या.” उत्तर ठरलेले असे, “पेट्रोलचा भाव बघतेस ना?”

गृहस्थांची समजूत निराधार नव्हती. मॅन्युअल गाडीत क्लच पूर्ण सोडला की इंजिन आणि गियरबॉक्स घट्ट जोडले जातात; शक्ती वाटेत फारशी वाया जात नाही. पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये या दोहोंच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनकडचे पाते तेल ढवळते आणि त्या तेलाच्या रेट्याने गियरबॉक्सकडचे पाते फिरते. दोन्ही पात्यांच्या गतीत फरक राहतो आणि तेवढी शक्ती तेल तापवण्यात खर्च होते. शिवाय जुन्या ऑटोमॅटिकना गियर तीन किंवा चारच असत. त्यामुळे महामार्गावर इंजिन गरजेपेक्षा अधिक वेगाने फिरत राही. इंधन अधिक लागणे ओघानेच आले.

परंतु पुढे यंत्र बदलले. ठरावीक वेगानंतर दोन्ही बाजू थेट जोडणारा लॉक-अप क्लच आला, गियर सहा-आठ झाले आणि ते केव्हा बदलायचे याचा निर्णय संगणक घेऊ लागला. सीव्हीटीमध्ये ठरावीक गियरच नसतात; दोन पुलींवरचा पट्टा सरकून गुणोत्तर सलग बदलते. भारतात मोठा बदल घडला तो २०१४ साली. मारुती सुझुकीने सेलेरिओत एएमटी आणली. ही यंत्रणा म्हणजे मूळ मॅन्युअल गियरबॉक्सच. फक्त क्लच दाबण्याचे आणि गियर टाकण्याचे काम माणसाऐवजी यंत्र करते. मध्ये तेलाचा दुवा नसल्याने ती गळतीही नाही. म्हणूनच त्या गाडीचा अधिकृत आकडा मॅन्युअल आणि एएमटी, दोहोंसाठी लिटरला २३.१ किलोमीटर असा एकच होता.

अधिकृत आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी ठेवून, आखून दिलेल्या वेगक्रमानुसार काढतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तेथे मॅन्युअल गाडीचा गियर नेमक्या क्षणी बदलला जातो. रस्त्यावर तसे घडत नाही. दुसऱ्या गियरवर इंजिन ताणणारा किंवा क्लचवर पाय ठेवून गाडी हाकणारा चालक मॅन्युअलचा फायदा स्वतःच घालवून बसतो.

अखेर एका रविवारी गृहस्थांनी कागद-पेन घेतले. महिन्याला ६०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ७,२०० किलोमीटर धावणे. मॅन्युअल लिटरला १८ किलोमीटर देईल असे धरले, तर ४०० लिटर. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी १६ देईल असे धरले, तर ४५० लिटर. फरक ५० लिटरचा. १०५ रुपये दराने वर्षाला ५,२५० रुपये. खरा फरक पेट्रोलपेक्षा किमतीत होता. त्यांना मिळालेल्या कोटेशनांनुसार टॉर्क कन्व्हर्टरसाठी सव्वा लाख रुपये अधिक पडत होते आणि एएमटीसाठी ५० हजार. सात टक्क्यांनी वार्षिक व्याज धरले, तर पहिल्या रकमेवर ८,७५० आणि दुसऱ्या रकमेवर ३,५०० रुपये.

पत्नी शांतपणे म्हणाल्या, “अहो, ड्रायव्हरचे पैसे कुठे मांडलेत?” महिन्यातून चार वेळा बदली चालक बोलवावा लागे; दिवसाला ८०० रुपयांप्रमाणे वर्षाला ३८,४०० रुपये. शिवाय तो न आल्याने रद्द झालेल्या भेटी, चुकलेली लग्नकार्ये आणि “जाऊ दे, पुढच्या वेळी” म्हणत टाळलेली डॉक्टरांची तपासणी यांना कोणत्याच रकान्यात जागा नव्हती. उभ्या गाडीचे ॲव्हरेज शून्य असते, हे त्या कागदावर प्रथमच स्पष्ट दिसले.

त्यांनी एएमटी घेतली. गियर बदलताना ती किंचित अडखळते, याची सवय करून घ्यावी लागली. चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी तोलून धरू नये, तसे केल्याने क्लच तापून झिजतो. ब्रेक दाबूनच थांबावे, हेही शिकावे लागले. पत्नींनी पंधरा दिवस पहाटे मोकळ्या रस्त्यावर सराव केला. आता त्या शहरात निर्धास्तपणे गाडी चालवतात. गृहस्थ प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरून किलोमीटर वहीत टिपतात. वर्षाची सरासरी लिटरला साडेसतरा निघाली. धरलेल्या अठरापेक्षा अर्ध्या किलोमीटरने कमी. वर्षाकाठी सुमारे ११ लिटर पेट्रोल अधिक.

ज्याचे धावणे मोठे आहे, महामार्गावरचे आहे आणि पाय धडधाकट आहेत, त्याने मॅन्युअल घेण्यात शहाणपणच आहे. किंमत कमी आणि दुरुस्तीही सोपी. रोजच्या गर्दीत अडकणाऱ्याने किंवा साठी ओलांडलेल्याने मात्र ऑटोमॅटिक म्हटले की लगेच नकार देऊ नये. ती कोणत्या प्रकारची आहे ते विचारावे, आपले वर्षाचे किलोमीटर मांडावेत आणि फरक लिटरमध्ये काढावा. घरात गाडी कोण चालवणार आहे, हे मात्र त्याआधी ठरवावे; कारण हिशेबातले बाकीचे आकडे त्यावरच अवलंबून असतात.